फौजदारी खटल्यात मोफत वकील: कसा मागायचा आणि त्याच्या हातात काय द्यायचं

घरातल्या माणसाला अटक झाली आणि वकिलाची फी भरायला पैसे नसले की आजूबाजूचे लोक दोन प्रकारचे सल्ले देतात. कुणी म्हणतं, दागिने गहाण ठेवा पण चांगला वकील करा. कुणी म्हणतं, फुकटचा वकील काही करत नाही, देवावर हवाला ठेवा. या दोन्ही सल्ल्यांनी घरं उघड्यावर आलेली मी पाहिली आहेत. माझ्या धाकट्या भावाच्या केसमध्ये मी हा सगळा रस्ता चालले. आता विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना तीच गोंधळलेली माणसं कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही अशी माणसं. यांतल्या अनेकांना कागदोपत्री वकील असतो. पण त्या वकिलाला अशील कुठे राहतो, घरी कोण आहे, त्या दिवशी तो खरोखर कुठे होता, यातलं काहीच माहीत नसतं. वकील नेमून देणं हे सरकारचं काम आहे आणि ते त्यानं केलंच पाहिजे. पण नेमलेल्या वकिलाला लढता येईल एवढी सामग्री त्याच्यापर्यंत पोचवणं बऱ्याचदा घरच्यांनाच करावं लागतं. हा लेख या दोन्ही कामांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिथे फार नुकसान होतं. कोर्टात ज्यांना ‘सरकारी वकील’ म्हणतात ते पोलिसांच्या, म्हणजे सरकारच्या बाजूनं खटला चालवतात. ते तुमचे मोफत वकील नव्हेत. घाबरलेल्या आया त्यांच्याजवळ जाऊन सगळी हकीकत सांगतात. तसं करू नका. तुम्हाला हवा आहे तो विधी सेवा प्राधिकरणाचा वकील.

१. पहिले चोवीस तास

अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ तसं सांगतं. (१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही संहिता आली. जुन्या कागदांवर जुने कलम क्रमांक दिसतील, गोंधळू नका.) ठाण्यात गेलात की शांतपणे एवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या:

गुन्हा रजिस्टर नंबर, लावलेली कलमं, अटकेची तारीख आणि वेळ, तपास अधिकाऱ्याचं नाव, कोणत्या कोर्टात आणि किती वाजता हजर करणार.

अटकेची कारणं आरोपीला सांगणं हे संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. कारणं लेखी मागा. अटकेची खबर घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला देणंही बंधनकारक आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आरोपीला असतो, मात्र पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर साधारण २४ तासांत ऑनलाइन टाकण्याचा आदेश दिला होता. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात.

याच टप्प्यावर १५१०० या क्रमांकावर फोन करा. ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे नालसाची हेल्पलाइन आहे. खटला उभा राहीपर्यंत थांबायची गरज नाही. अटकेच्या वेळी आणि रिमांडच्या, म्हणजे कोर्ट कोठडी ठरवतं त्या सुनावणीच्या, वेळीसुद्धा मदत मिळावी अशीच नालसाची योजना आहे.

मारहाण झाली असेल तर ते वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना आणि कोर्टात हजर केल्यावर न्यायाधीशांना सांगायला आपल्या माणसाला बजावा. चार दिवसांनी सांगितलेलं सिद्ध करणं फार कठीण जातं. आणि मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालची असेल तर त्याच क्षणी शाळेचा दाखला घेऊन ठाण्यात जा. त्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं.

२. पहिल्या हजेरीलाच तोंडानं वकील मागा

कोर्टात पहिल्यांदा उभं केल्यावर आपल्या माणसानं एक वाक्य बोलायचं: “साहेब, माझ्याकडे वकील नाही, मला विधी सेवेतून वकील द्या.” बस. अर्ज नसला तरी चालतो.

हे मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे, ही खूणगाठ बांधा. १९७९ च्या हुसैनारा खातून निकालात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा जीवित आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. १९८१ मध्ये, भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात, न्यायालय म्हणालं की पहिल्या हजेरीपासूनच हा हक्क आहे आणि तो आरोपीला सांगणं हे न्यायदंडाधिकाऱ्याचं काम आहे. १९८६ च्या सुक दास निकालाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की आरोपीनं मागणी केली नाही म्हणून त्याला वकिलाविना खटला चालवता येत नाही. तसं झालं तर ती शिक्षा टिकत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या २६/११ च्या खटल्यातही, २०१२ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या हजेरीला आरोपीला हा हक्क समजावून सांगण्याचं कर्तव्य पुन्हा अधोरेखित केलं. एवढ्या भीषण गुन्ह्यात पकडलेल्याला जो हक्क आहे, तो मोबाईल चोरीच्या संशयावरून उचललेल्या पोराला नसेल कसा?

बऱ्याच न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रिमांडसाठी नेमलेला विधी सेवेचा वकील असतो. सुट्टीच्या दिवशी बसणाऱ्या कोर्टातही तो असायला हवा. बेंच क्लार्ककडे चौकशी करा. तो भेटला की एवढं सांगा: आपला माणूस काय काम करतो, घरी कोण अवलंबून आहे, औषधं चालू आहेत का, आणि पोलीस ज्यासाठी कोठडी मागताहेत ती वस्तू आधीच जप्त झाली आहे का. यातला शेवटचा मुद्दा पोलीस कोठडी नाकारायला अनेकदा कामी येतो.

पोलीस कोठडी, ज्याला कोर्टात सगळे पीसीआर म्हणतात, ती एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नसते. नव्या संहितेत हे १५ दिवस सलग न देता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनीही देता येतात. म्हणून न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंगातली कोठडी किंवा एमसीआर, झाली म्हणून ‘आता पोलिसांचा ताबा संपला’ असं गृहीत धरू नका.

३. विधी सेवा प्राधिकरणात अर्ज

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. कार्यालयाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात. ऑनलाइन अर्ज नालसाच्या संकेतस्थळावरून करता येतो, पण मी स्वतः जाऊन अर्ज द्या असंच सांगते, कारण दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मिळते. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर तो शिक्काच कामी येतो.

पात्रता विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये दिली आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचा बळी, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचाराचा बळी, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाची मर्यादा आहे.

‘कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. माणूस आत असेल तर उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाचा रंग, यातलं काहीही लागत नाही. तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लावून आठवडा घालवलेली माणसं मला भेटली आहेत. तो आठवडा त्यांच्या मुलानं आत काढला. आणि उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करणाऱ्यालाही साधारणपणे स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं, कायद्याच्या कलम १३ मध्ये तशी सोय आहे.

उलट बाजूही सांगते. पात्रता आरोपीची पाहतात, अर्ज आणून देणाऱ्याची नाही. आई स्त्री आहे म्हणून मुलाला वकील मिळतो असं नसतं. तो मिळतो मुलगा कोठडीत आहे म्हणून. त्यामुळे जामिनावर सुटल्यावर ‘कोठडी’चा आधार संपतो आणि दुसऱ्या निकषाचे कागद द्यावे लागू शकतात. सुटल्या सुटल्या ते करून टाका, नाहीतर ऐन साक्षीच्या तारखेला वकील नाही असं होतं.

अर्जाचा मजकूर असा पुरतो:

*मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, (जिल्हा) यांस.*
*विषय: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, कलम १२ नुसार विनामूल्य वकील मिळण्याबाबत.*
*माझा (नाते) (नाव), वय, राहणार (पत्ता) यास (पोलीस ठाणे) गु.र.नं. (क्रमांक), कलम (…) अन्वये दि. (…) रोजी अटक झाली असून तो सध्या (कारागृह/कोठडी) येथे आहे. पुढील तारीख (…), न्यायालय (…). खाजगी वकील नेमण्याची आमची ऐपत नाही. जामीन अर्जासाठी आणि संपूर्ण खटल्यासाठी वकील नेमावा ही विनंती.*

शेवटच्या ओळीतला ‘संपूर्ण खटल्यासाठी’ हा शब्द मुद्दाम घाला.

सोबत जोडायचे कागद, जे हाताशी असतील ते:
- एफआयआरची प्रत किंवा निदान गुन्हा नंबर
- आरोपीचा आणि अर्ज देणाऱ्याचा ओळखीचा पुरावा
- जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, लागू असेल तर
- बाहेर असलेल्या आरोपीसाठी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र
- आधीचा वकील असेल तर त्याचं ना-हरकत पत्र

एखादा कागद नाही म्हणून अर्ज अडवू नका, आधी अर्ज द्या. नालसाच्या २०१० च्या विनियमांनुसार अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. जिल्ह्यात हे अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश.

तुम्ही दूर राहत असाल, मुंबईत किंवा गावाकडे, आणि माणूस भलत्याच जिल्ह्यात अडकला असेल, तर तो तुरुंगातूनही अर्ज देऊ शकतो. कारागृहांत विधी सेवा केंद्र असतं, तिथे विधी स्वयंसेवक आणि ठरल्या दिवशी वकील येतात. मुलाखतीला गेलात की त्याला एवढंच विचारायला लावा: “विधी सेवेचं केंद्र कुठल्या दिवशी भरतं?” मुंबई, ठाणे परिसरातल्या तुरुंगांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून काम करतो, तिथले कार्यकर्ते घरच्यांशी संपर्क साधून देतात.

४. कोणता वकील मिळेल

दोन व्यवस्था आहेत. जुनी पॅनेलची: खाजगी वकिली करणारे वकील प्राधिकरणाच्या यादीवर असतात आणि त्यांना केसनुसार मानधन मिळतं. नवी ‘लोकअभिरक्षक कार्यालया’ची, जी २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. तिथले वकील पूर्णवेळ फक्त गरीब आरोपींचं काम करतात, त्यांना खाजगी केस घेता येत नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो.

माझं मत विचाराल तर जिथे लोकअभिरक्षक कार्यालय आहे तिथे त्यांनाच मागा. त्यांचं बसायचं ठिकाण ठरलेलं असतं, कामाच्या वेळेत कुणीतरी भेटतं, आणि तारखेला एक वकील दुसऱ्या कोर्टात अडकला तर सहायक उभा राहतो. घरच्यांना सर्वांत जास्त छळतं ते वकील न सापडणं, आणि ते इथे कमी होतं.

जन्मठेप किंवा फाशीपर्यंतच्या गुन्ह्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या अनोखीलाल निकालात सांगितलं आहे की असा खटला किमान १० वर्षं वकिली केलेल्या वकिलाकडेच द्यावा आणि तयारीला साधारण सात दिवस तरी मिळावेत. खुनाच्या किंवा पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) गंभीर कलमाच्या केसमध्ये नवखा वकील नेमला असेल तर सचिवांना लेखी हे दाखवून द्या.

एकाच गुन्ह्यात दोघे-तिघे आरोपी असतील आणि एकमेकांवर ढकलाढकल होण्यासारखी असेल, तर प्रत्येकासाठी वेगळा वकील मागा. एकाच वकिलाला दोन उलट गोष्टी मांडता येत नाहीत.

५. वकिलाच्या हातात फाइल द्या

माझ्या अनुभवात केस उभी राहते ती इथे, आणि बहुतेक घरं नेमकी इथेच थकून बसतात. मोफत वकिलाकडे रोज कितीतरी प्रकरणं असतात. “साहेब, आमचा पोरगा निर्दोष आहे हो” हे वाक्य त्यानं दिवसातून अनेकदा ऐकलेलं असतं आणि त्यावरून त्याला काहीच लिहिता येत नाही. त्याला तारीख, वेळ, जागा आणि कागद लागतात.

एक साधी फाइल घ्या. पहिल्या पानावर गुन्हा नंबर, केस नंबर, कोर्ट, पुढची तारीख आणि तुमचे दोन फोन नंबर, मोठ्या अक्षरांत.

दुसऱ्या पानावर माणसाची ओळख: वय, शिक्षण, काम, मालकाचं नाव, किती वर्षं एकाच पत्त्यावर राहतो, घरी कोण कोण, कोण आजारी, आधी कधी गुन्हा नोंद होता का. हे पान जामिनासाठी आहे. माणूस पळून जाणार नाही हे न्यायाधीशाला पटवायला वकिलाकडे दुसरं साधन नसतं. सोबत भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड, आईच्या डायलिसिसचे कागद, मालकाचं पत्र, जे खरं आणि उपलब्ध असेल ते. वयाचा जरा जरी वाद असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला दोन्ही.

तिसऱ्या पानावर घटनेची हकीकत, वेळेच्या क्रमानं. “संध्याकाळी” असं लिहू नका. ७ वाजता कुठे, ८ वाजता कुठे, सोबत कोण, कशावरून आठवतं. रिक्षाचं पेमेंट, कामावरची हजेरी, दवाखान्याचा केसपेपर, लग्नातला फोटो, काहीही. दुकानं आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून कोणत्या कॅमेऱ्यात आपला माणूस दिसू शकतो याची यादी पहिल्याच भेटीत वकिलाला द्या आणि ते चित्रण जपून ठेवण्यासाठी कोर्टात अर्ज करायला सांगा. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, परमवीर सिंग सैनी प्रकरणात, चित्रण साठवून ठेवण्याचे आदेश दिले आहेत. मारहाणीची तक्रार असेल तर तेही मागता येतं.

जे आपल्या विरुद्ध जातं तेही सांगा. भांडण आधीपासून होतं, पैसे खरंच घेतले होते, फोनवर शिवी दिली होती, हे सगळं. वकील ते बाहेर सांगू शकत नाही, ते त्याच्यावर बंधन आहे. लपवलेली गोष्ट दोषारोपपत्रात निघते आणि तोवर वकिलानं वेगळीच भूमिका घेतलेली असते.

दोषारोपपत्र, ज्याला सगळे चार्जशीट म्हणतात, त्याची प्रत आरोपीला मोफत मिळते. त्याची एक झेरॉक्स घरी ठेवा. घरात कुणी शिकलेलं असेल तर बसून वाचा. पंचनाम्यातली जागा बरोबर आहे का? पंच कोण आहेत, ते पोलिसांच्या ओळखीचे आहेत का? साक्षीदार म्हणतो तिथून खरंच दिसतं का, मध्ये भिंत आहे का, रात्री दिवा असतो का? या गोष्टी वकिलाला कार्यालयात बसून कळणं शक्य नाही, तुम्हाला मात्र गल्लीचा कोपरा न् कोपरा माहीत असतो. प्रत्येक साक्षीदारासाठी एक अर्धं पान लिहा: त्याचं तक्रारदाराशी नातं, जुना वाद, तो कुठे राहतो. साक्षीच्या तारखेच्या आधी ते पान वकिलाला द्या. चांगल्या उलटतपासाचे अर्धे प्रश्न अशा पानांतून निघालेले मी ऐकले आहेत.

हे करताना साक्षीदाराला किंवा तक्रारदाराला भेटायला, समजवायला, पाया पडायला जाऊ नका. हेतू चांगला असला तरी दबाव टाकल्याचा आरोप होतो आणि मिळालेला जामीन रद्द होतो.

६. जामीन: आदेश मिळणं आणि खरंच सुटणं

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्कच आहे. जामीनदार आणता आला नाही आणि एक आठवडा उलटला, तर आरोपी गरीब आहे असं मानून त्याला स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर (पीआर बाँड), सोडावं असं संहितेचं कलम ४७८ सांगतं. वकिलाला या कलमाची आठवण करून द्यायला संकोचू नका.

अजामीनपात्र गुन्ह्यात दोन तारखा कॅलेंडरवर लाल करा. पहिल्या रिमांडपासून ६०वा दिवस आणि ९०वा दिवस. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९०, इतरांत ६०. तेवढ्या दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन मिळवण्याचा हक्क तयार होतो. रिमांडचा पहिला दिवसही मोजणीत धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण हा हक्क मागितला तरच मिळतो. अर्ज करण्याआधी पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं की संधी गेली. म्हणून त्या तारखेच्या दोन दिवस आधी वकिलाला भेटून अर्ज तयार ठेवायला सांगा. मकोका (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद), एनडीपीएस (अमली पदार्थ) यांसारख्या कायद्यांत ही मुदत वाढू शकते.

जामिनाचा आदेश झाला म्हणून माणूस घरी आला असं होत नाही. इथे जामीनदार लागतो, आणि त्याची कागदपत्रं: ओळखपत्र, रेशन कार्ड, पगारपत्रक किंवा सातबारा किंवा घरपट्टी, काही कोर्टांत तहसीलदाराचं ऐपतीचं प्रमाणपत्र. कोर्टाच्या गेटवर ‘जामीनदार मिळेल’ म्हणणारे दलाल उभे असतात. ते खोट्या कागदांचे भाडोत्री जामीनदार आणतात आणि पकडले गेले तर नवा गुन्हा तुमच्या माणसावरही येतो. एक पैसाही देऊ नका.

त्याऐवजी वकिलाला हे मार्ग विचारा. तात्पुरता रोख जामीन भरून जामीनदारासाठी मुदत मागणे. रक्कम कमी करण्याचा अर्ज. परजिल्ह्यातला जामीनदार म्हणून कोर्ट नाकारत असेल तर १९७८ चा मोतीराम निकाल दाखवणे. गवंडीकाम करणाऱ्या एका गरीब आरोपीच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं नाकारणं चूक ठरवलं होतं. आणि ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश: जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करू शकतं.

पैशांअभावीच अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची गरीब बंद्यांच्या मदतीची योजना आहे. २०२३ च्या मूळ योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरली होती; आताची मर्यादा प्राधिकरणात विचारा. यूएपीए, एनडीपीएस, मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या प्रकरणांना ती लागू नाही. अर्ज प्राधिकरणातून होतो. कार्यालयात या योजनेचं नाव काढलंत की कधी कधी “असं काही नाही” असं उत्तर मिळतं. थेट सचिवांनाच भेटा.

खूप काळ आत असलेल्यांसाठी कलम ४७९ बघा. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि याआधी कधीच कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळ, आत गेला की सुटकेचा विचार व्हायला हवा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असणाऱ्यांना हे लागू नाही. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे, तरी दिवस तुम्ही मोजा.

७. तारखा पाळणं

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे ॲप मोबाईलवर घ्या. प्रत्येक केसला सीएनआर नावाचा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात. त्या दिवशी कोर्टात काय घडलं हे रोजनाम्यात असतं. “तारीख पडली” एवढ्यावर न थांबता कशामुळे पडली ते वाचा: साक्षीदार आला नाही, आरोपीला तुरुंगातून आणलं नाही, की आपला वकील नव्हता.

गंभीर गुन्हा न्यायदंडाधिकाऱ्याकडून सत्र न्यायालयात जातो तेव्हा केस नंबर, कोर्ट आणि बऱ्याचदा वकीलही बदलतो. या वळणावर खूप केसेस पोरक्या होतात. सत्र न्यायालयाचा नंबर मिळाला की प्राधिकरणात जाऊन नव्या कोर्टासाठी कोण नेमलं हे विचारा आणि फाइल स्वतः त्याच्या हातात द्या.

आपला माणूस आता बऱ्याचदा तुरुंगातून पडद्यावरच, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं, हजर होतो. त्याला सांगून ठेवा की वकील दिसला नाही तर गप्प बसायचं नाही, न्यायाधीशांना सांगायचं. आणि “गुन्हा कबूल कर, दंड भरून आज सुटशील” असं कुणीही म्हणालं तरी वकिलाशी बोलल्याशिवाय हो म्हणू नको. छोट्या गुन्ह्यातली कबुलीसुद्धा शिक्षाच असते; नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती आयुष्यभर पुढे येते.

८. वकील काम करत नसेल तर

कुणी पैसे मागितले तर ते बेकायदा आहे. विधी सेवेच्या वकिलाला अशिलाकडून कोणतंही शुल्क किंवा मोबदला घेता येत नाही. टायपिंग, नकला, कोर्ट फी हा खर्चही तुमचा नसतो. आमच्याकडेही एका टप्प्यावर ‘खर्चापाणी’ मागितलं गेलं होतं. सचिवांना लेखी कळवल्यावर दुसरा वकील नेमला गेला आणि त्या दुसऱ्या वकिलानं जीव ओतून काम केलं.

तक्रारीत राग लिहू नका, तारखा लिहा. “दि. अमुक आणि तमुकला वकील हजर नव्हते, रोजनाम्याची प्रत जोडली आहे, जामीन अर्ज अजून दाखल नाही.” लोकअभिरक्षक कार्यालयातलं प्रकरण असेल तर आधी मुख्य लोकअभिरक्षक, मग प्राधिकरणाचे सचिव, मग प्रमुख जिल्हा न्यायाधीश, त्यानंतर मुंबईचं महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण. सचिव कोणत्याही टप्प्यावर केस काढून दुसऱ्या वकिलाला देऊ शकतात. पॅनेलवरचा विशिष्ट वकील हवा असेल तर तशी विनंतीही करता येते. ती मान्य होईलच असं नाही. मात्र दुसरा वकील नेमला जाईपर्यंत पहिल्याला सोडू नका आणि कोऱ्या वकालतनाम्यावर (वकिलाला केस चालवण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावर) सही करू नका.

वकील चांगला असेल तर सचिवांना तेही लिहून कळवा. असं पत्र फार क्वचित कुणी देतं, आणि कमी मानधनात राबणाऱ्या या माणसांना त्याचं मोल असतं.

९. शिक्षा लागली तर

मोफत वकील निकालाबरोबर संपत नाही. निकालाची प्रत विनामूल्य मिळते आणि अपिलासाठीही वकील मिळतो. हा हक्क १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालातून पक्का झाला. तिथे येरवडा कारागृहाकडे पाठवलेली निकालाची प्रत बंद्यापर्यंत पोचली की नाही हाच वाद होता आणि त्यात अपिलाची वर्षं गेली होती.

न्यायदंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत, सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत (फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवसांत) अपील करायचं असतं. निकालाच्या दिवशीच वकिलाला विचारा की अपील कोण दाखल करणार. घरचं कुणी धावपळ करणारं नसेल तर बंदी कारागृह अधीक्षकामार्फत अपील पाठवू शकतो. उच्च न्यायालयासाठी वेगळी विधी सेवा समिती असते: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे तिथल्या घरांनी मुंबईचं तिकीट काढण्याआधी कोल्हापुरात चौकशी करावी. मुदत उलटून गेली असली तरी अर्ज टाकाच. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलासोबत करता येतो, आणि बंदी आत होता, प्रत उशिरा मिळाली, ही कारणं कोर्ट ऐकतं. प्रत मिळाल्याची तारीख तुरुंगाच्या नोंदीतून लेखी घ्या आणि ती फाइलमध्ये लावा.